दातांवरून वय : १८३३ चा कारखाना कायदा आणि मुलांच्या तोंडातला पुरावा

#धागा #इतिहास

१/
१८३३ साली ब्रिटिश संसदेने कापडगिरण्यांतील बालमजुरीवर मर्यादा घालणारा कायदा संमत केला. नऊ वर्षांखालील मुलाला कामावर घेऊ नये आणि नऊ ते तेरा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम करवून घेऊ नये, असा त्याचा आशय होता. परंतु गिरणीच्या दारात उभे असलेले मूल नऊ वर्षांचे आहे की सात वर्षांचे, हे ओळखायचे कसे, याचे समाधानकारक उत्तर त्या कायद्यापाशी नव्हते. चार वर्षांनंतर एका तेवीस वर्षांच्या दंतवैद्याने संसदेपुढे एक उपाय मांडला : मुलाचे तोंड उघडून त्याचे दात पाहावेत. दात, कायदा आणि बालमजुरी यांच्या या गुंतागुंतीच्या संबंधाचा हा इतिहास.

२/
प्रथम पार्श्वभूमी. लँकेशायर आणि यॉर्कशायरमधील गिरण्यांना लहान मुले हवी असत, कारण काही कामे लहान हातांनाच सोपी जात. चालत्या यंत्रावर तुटलेले सूत सांधणे आणि यंत्राखाली सरपटत जाऊन सांडलेला कापूस गोळा करणे, ही त्यांतली मुख्य कामे. १८३३ पूर्वीही कायदे झाले होते. परंतु त्यांच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र यंत्रणा नसल्याने ते कागदावरच राहिले. नव्या कायद्याने सरकारी निरीक्षक नेमले. संपूर्ण देशासाठी त्यांची संख्या होती अवघी चार.

३/
कायद्याच्या तरतुदी वयाच्या तीन पायऱ्यांवर उभ्या होत्या. नऊच्या आत काम नाही (रेशमाच्या गिरण्यांना मात्र यातून सूट होती). नऊ ते तेरा या वयात आठवड्याला ४८ तास काम आणि त्याबरोबर दररोज दोन तास शाळा. तेरा ते अठरा या वयात दिवसाला बारा तास आणि आठवड्याला ६९ तास. अठराच्या आतील कोणालाही रात्रपाळी नाही. म्हणजे मुलाचे वय बारा ठरले की तेरा, यावर त्याचा दिवस तीन तासांनी लांबत वा आखूड होत असे. शाळेचे दोन तास मिळणार की नाही, हेही त्यावरच ठरे.

४/
मग वयाचा दाखला का मागितला जात नसे? कारण असा दाखलाच अस्तित्वात नव्हता. इंग्लंड व वेल्समध्ये जन्माची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. त्यापूर्वी चर्चच्या वह्या होत्या. पण त्यांत जन्माची नव्हे, बाप्तिस्म्याची तारीख लिहिली जाई. प्रस्थापित चर्चबाहेरच्या पंथांतील आणि आयर्लंडमधून कामासाठी आलेल्या अनेक कुटुंबांची नावे त्या वह्यांत नसत. जिथे उतारा मिळे, तिथेही त्यावरील आकडा बदलणे किंवा धाकट्या भावासाठी थोरल्याचा कागद पुढे करणे फारसे अवघड नव्हते.

५/
कायद्याने यावर तोड काढली ती शल्यवैद्याच्या प्रमाणपत्राची. हे मूल नऊ वर्षांच्या मुलाइतक्या सर्वसाधारण ताकदीचे व रूपाचे दिसते, असे वैद्याने लिहून दिले की ते कामावर घेता येई. 'सर्वसाधारण' म्हणजे काय, हे ज्याचे त्याने ठरवायचे. पुष्कळदा वैद्याचे उत्पन्न त्याच गावातल्या गिरणीमालकावर अवलंबून असे. मालकाला पूर्ण दिवस राबणारे हात हवे असत आणि आईबापांना पूर्ण मजुरी. मुलाचे वय वाढवून सांगण्यात वैद्य, मालक आणि पालक या तिघांचा फायदा होता. तोटा होता तो फक्त ज्याला बोलता येत असूनही कोणी विचारत नव्हते, त्या मुलाचा.

६/
१८३६ मध्ये ही वयमर्यादाच खाली ओढण्याचा प्रयत्न झाला. नऊ तासांचे संरक्षण तेराऐवजी बारा वर्षांपर्यंतच असावे, असे विधेयक सरकारने आणले. दुसऱ्या वाचनाच्या वेळी ते अवघ्या दोन मतांच्या आधिक्याने तरले. एवढ्या क्षीण पाठिंब्यावर पुढे जाणे शक्य नसल्याने सरकारने ते मागे घेतले. तेराची मर्यादा टिकली. मात्र ती राखायची तर तेरा वर्षांचे मूल खात्रीने ओळखता येणे आवश्यक झाले.

७/
चार निरीक्षकांपैकी लेनर्ड हॉर्नर हे सर्वांत चिकाटीचे मानले जातात. ते मूळचे स्कॉटिश आणि भूशास्त्राचे अभ्यासक. पुढे कार्ल मार्क्सने 'कॅपिटल' या ग्रंथात त्यांच्या अहवालांचा भरपूर आधार घेतला. हॉर्नर यांनी वयासाठी उंचीचा निकष पुढे केला. हजारो मुलांची उंची मोजवून घेऊन, अमुक उंचीच्या खालचे मूल तेराचे मानू नये, अशी रेषा आखण्याचा त्यांचा प्रयत्न होता. पट्टी खोटे बोलत नाही आणि लाचही घेत नाही, ही त्यामागची भूमिका.

८/
परंतु पट्टी जे मोजते ते वय नव्हे. उंचीवर अन्नाचा, आजाराचा आणि श्रमाचा खोल परिणाम होतो. वर्षानुवर्षे अर्धपोटी राहिलेले चौदा वर्षांचे मूल अकराचे दिसू शकते, तर अंगाने थोराड असलेले अकरा वर्षांचे मूल सहज तेराचे म्हणून खपते. म्हणजे कायद्याच्या संरक्षणाची गरज असलेले, पण चांगल्या उंचीचे मूल पूर्ण दिवसाच्या कामाला जुंपले जाणार. शरीरात असे काही हवे होते, जे उपासमारीपुढे इतक्या सहज वाकत नाही.

९/
येथे एडविन साँडर्स यांचा प्रवेश होतो. १८१४ मध्ये लंडनमध्ये जन्मलेल्या या दंतवैद्याने १८३७ मध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली. कारखान्यातील मुलांच्या संदर्भात 'दात ही वयाची कसोटी' हा तिचा विषय होता आणि ती संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या सदस्यांना उद्देशून लिहिलेली होती. साँडर्स यांनी हजाराहून अधिक मुलांचे दात तपासले आणि त्यांची सांगड मुलांच्या ज्ञात वयाशी घातली. त्यांचा युक्तिवाद समजून घ्यायचा, तर आधी तोंडात डोकवावे लागेल.

१०/
माणसाला दातांचे दोन संच मिळतात. दुधाचे दात वीस : आठ पटाशीचे, चार सुळे आणि आठ दाढा. कायमचे दात बत्तीस : आठ पटाशीचे, चार सुळे, आठ उपदाढा आणि बारा दाढा. दुधाच्या संचात उपदाढा नसतात. दुधाच्या दाढा पडतात, तेव्हा त्यांच्या जागी कायमच्या उपदाढा येतात. कायमच्या दाढा मात्र कोणाचीही जागा घेत नाहीत. जबडा जसा लांबतो, तशा त्या मागच्या बाजूला नव्याने उगवतात. वय ओळखण्याच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे.

११/
प्रत्येक दाताचे तीन भाग असतात. हिरडीबाहेर दिसणारा माथा, हिरडीच्या कडेशी असलेली मान आणि हाडात रुतलेले मूळ. माथ्यावर एनॅमलचे कवच असते. वजनाच्या मानाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्याखाली डेंटीन आणि सर्वांत आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गर. मुळाभोवती सिमेंट नावाचा पातळ थर असतो आणि त्याच्या आधाराने दात जबड्यात घट्ट बसतो.

१२/
आता पृष्ठभागाकडे पाहू. पटाशीचा दात ओठाकडून सपाट आणि जिभेकडून किंचित खोलगट असतो. त्याची धार नुकतीच हिरडीतून वर आलेली असेल, तर तिच्यावर तीन बारीक उंचवटे दिसतात, जणू करवतीचे तीन दाते. चावण्याने ते काही काळातच झिजून धार सरळ होते. त्यामुळे असा दातेरी पटाशीचा दात दिसला की, तो कायमचा आहे आणि अलीकडेच आला आहे, हे दोन्ही एकदम कळते. दुधाचा पटाशीचा दात त्याच्या शेजारी अरुंद आणि अधिक पांढरा दिसतो.

१३/
सुळ्याला एकच टोक असते. उपदाढेला सहसा दोन : एक गालाकडे, एक जिभेकडे. दाढेचा माथा हा छोटासा डोंगराळ मुलूखच आहे. वरच्या पहिल्या दाढेवर चार मुख्य उंचवटे असतात, खालच्या पहिल्या दाढेवर बहुधा पाच. मधून चर आणि खळगे जातात. काही लोकांच्या वरच्या पहिल्या दाढेवर, जिभेकडच्या बाजूस, आणखी एक लहानसा जादा उंचवटा असतो. व्हिएन्नाचे दंतवैद्य गेओर्ग काराबेल्ली यांच्या नावाने तो आजही ओळखला जातो. मानवी समूहांचे जुने नातेसंबंध शोधणारे अभ्यासक दाताच्या अशा खुणा बारकाईने नोंदवतात.

१४/
तपासनिसाची खरी परीक्षा येथेच होते. दुधाची दुसरी दाढ आणि कायमची पहिली दाढ यांच्या माथ्यांची घडण विलक्षण सारखी असते; एक जणू दुसरीची छोटी प्रत. नवशिका हमखास फसतो. म्हणून नुसता आकार पाहून भागत नाही. पुढून मागे दात मोजत जावे लागते. मधल्या रेषेपासून पाचवा दात दुधाची दाढ असेल आणि त्यामागे सहावी दाढ उभी असेल, तर ती सहावी कायमची. पालकांनाही पुष्कळदा हिचा पत्ता नसतो, कारण ती येताना कोणताच दात पडत नाही.

१५/
आता क्रम. कायमची पहिली दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. मधले पटाशीचे दात सहा ते आठ आणि त्यांच्या शेजारचे सात ते नऊ या वयात. खालचे सुळे नऊ-दहाच्या सुमारास, उपदाढा दहा ते बारा, वरचे सुळे अकरा-बारा. दुसरी दाढ अकरा ते तेरा या काळात. मग बराच काळ शांतता आणि सतराच्या पुढे कधीतरी अक्कलदाढ, आली तर. हा क्रम व्यक्तीनुसार थोडा मागेपुढे होतो, तरी त्याची मोड फारशी होत नाही.

१६/
या वेळापत्रकावर १८३३ चा कायदा ठेवून पाहिला की, साँडर्स यांच्या सूचनेतील मर्म लक्षात येते. नवव्या वर्षापर्यंत मुलाच्या तोंडात चार पहिल्या दाढा आणि आठ पटाशीचे, असे बारा कायमचे दात दिसू लागतात. तेराव्या वर्षाच्या सुमारास सुळे आणि उपदाढा भरून दुसऱ्या दाढा येतात, म्हणजे अठ्ठावीस दात होतात. कायद्याच्या दोन्ही मुख्य मर्यादा दातांच्या दोन ठळक घडामोडींच्या शेजारी पडल्या होत्या. उंचीची वाढ अखंड असल्याने तिच्यात रेषा ओढावी लागते. दातांच्या बाबतीत दात आला आहे किंवा नाही, एवढेच पाहायचे असते.

१७/
साँडर्स यांच्या तपासणीत बहुसंख्य मुलांचे वय दातांवरून बरोबर निघाले आणि चुकले तेथेही फरक मर्यादित राहिला. चूक कोणत्या दिशेने होते, हेही महत्त्वाचे होते. दात उशिरा आला, तर मूल आहे त्याहून लहान ठरते. त्यात कुटुंबाची काही महिन्यांची वाढीव मजुरी बुडते, पण मुलाला जादा तास राबावे लागत नाही. दात लवकर आला, तर मात्र बारा वर्षांचे मूल तेराचे ठरून बारा तासांच्या कामाला जाते. कसोटी कितीही चांगली असली, तरी तिच्या प्रत्येक चुकीची किंमत कोणीतरी मोजत असते.

१८/
ही कल्पना सर्वस्वी नवी होती असे नाही. जनावरांच्या बाजारात ती जगभर चालत आली आहे. महाराष्ट्रातील बैलबाजारात आजही 'आदत', 'दोनदाती', 'चारदाती', 'सहादाती' या शब्दांनीच वय सांगितले जाते; बैलाचा ओठ वर करून पाहिल्याशिवाय सौदा होत नाही. साँडर्स यांनी ते ज्ञान मोजणीच्या आधारे माणसाच्या मुलांना लावले. दोन्हींतील साम्य अस्वस्थ करणारे आहे, हे नाकारता येत नाही. फरक हेतूत होता. बाजारात जनावराचे दात पाहतात ते त्याच्याकडून किती काम निघेल हे ठरवण्यासाठी. गिरणीच्या दारात मुलाचे दात पाहायचे होते ते त्याला किती कामापासून वाचवायचे हे ठरवण्यासाठी.

१९/
पुढे काय झाले? १८४४ च्या कायद्याने प्रमाणपत्र देणारे शल्यवैद्य नेमण्याचा अधिकार निरीक्षकांना दिला. त्यामुळे मालकाच्या मर्जीतल्या वैद्याचा मार्ग बराचसा बंद झाला. पण त्याच कायद्याने कामावर घेण्याचे किमान वय नऊवरून आठवर आणले आणि त्या बदल्यात तेरापर्यंतच्या मुलांसाठी अर्ध्या दिवसाची पद्धत रूढ केली. दरम्यान १८३७ पासून सुरू झालेल्या जन्मनोंदणीतील पहिली मुले १८५० मध्ये तेरा वर्षांची झाली. कागद हळूहळू दातांची जागा घेऊ लागला. साँडर्स पुढे व्हिक्टोरिया राणीचे दंतवैद्य झाले आणि १८८३ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. इंग्लंडमध्ये तो मान मिळवणारे ते पहिले दंतवैद्य.

२०/
हाच प्रश्न अर्ध्या शतकानंतर मुंबईत उभा राहिला. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन केली आणि दोन-तीन दशकांत गिरण्यांचे शहर उभे राहिले. १८७५ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या सुधारकांनी कायद्याचा आग्रह धरला. लँकेशायरच्या मालकांनाही स्पर्धेपोटी मुंबईवर निर्बंध हवेच होते. १८८१ मध्ये हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा झाला. त्यात किमान वय होते सात, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा.

२१/
येथेही वयाचा दाखला नव्हता. गिरणीतील पुष्कळसे कामगार रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांतील खेड्यांतून आलेले. मुलाचा जन्म कोणत्या दुष्काळानंतरचा किंवा कोणत्या सणाच्या आसपासचा, एवढेच घरात ठाऊक. तेव्हा इथल्या कायद्यातही शल्यवैद्याचे प्रमाणपत्र आलेच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साप्ताहिक सुट्टीची आणि कामाच्या ठरावीक वेळेची मागणी पुढे रेटली. त्यांच्या चळवळीने तयार झालेल्या वातावरणात १८९१ चा सुधारित कायदा आला : किमान वय नऊ, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तास आणि कामगारांना आठवड्याची सुट्टी.

२२/
हे दोन्ही कायदे दातांच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावेत. सात आणि बारा : पहिली दाढ नुकतीच येऊन गेलेली आणि दुसरी दाढ येण्याचा काळ. नऊ : पटाशीचे आठही दात पूर्ण होण्याचा सुमार. पण १८९१ ची चौदाची मर्यादा अशा वयावर पडते, जिथे दात काहीच सांगत नाहीत. दुसरी दाढ बारा-तेराच्या सुमारास आलेली असते आणि अक्कलदाढेला अजून काही वर्षे अवकाश असतो. अठ्ठावीस दातांचे मूल साडेबारा वर्षांचे असेल किंवा सोळाचेही. कायदे करणारे वयाचा आकडा समाज, व्यापार आणि राजकारण पाहून ठरवतात. शरीर त्या आकड्यावर खूण ठेवेलच, असे नसते.

२३/
दातांचा आणखी एक गुण साँडर्स यांच्या काळात जेमतेम उलगडू लागला होता. एनॅमल एकदा तयार झाले की पुन्हा बदलत नाही. हाड जसे स्वतःची डागडुजी करते, तसे एनॅमलला करता येत नाही. त्यात थरावर थर चढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या रेषा झाडाच्या खोडातील वर्तुळांसारख्या दिसतात. स्वीडिश शरीररचनाशास्त्रज्ञ आंदेर्स रेटझियस यांनी त्याच दशकात त्यांचे वर्णन केले. साधारण सहा ते बारा दिवसांनी एक रेषा उमटते. बालपणी गंभीर आजार किंवा उपासमार झाली, तर थर नीट चढत नाही आणि दाताच्या पृष्ठभागावर आडवी खाच किंवा खळगे कायमचे राहतात.

२४/
या गुणामुळे गिरणीतल्या मुलांची साक्ष पावणेदोनशे वर्षांनंतरही मिळू शकली. यॉर्कशायरमधील फ्यूस्टन या खेड्यातील चर्चच्या दफनभूमीत उत्खनन झाले आणि दीडशेहून अधिक सांगाडे मिळाले. त्यांत मुलांचे व किशोरवयीनांचे प्रमाण असाधारण मोठे होते. दूरच्या शहरांतील अनाथालयांतून आणि गरीबखान्यांतून 'उमेदवार' म्हणून जवळच्या गिरणीत पाठवलेली ही मुले. डरहॅम आणि यॉर्क विद्यापीठांतील संशोधकांनी त्यांच्याविषयीचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. ही मुले त्या परिसरातली नव्हती, हे त्यांच्या दातांतील रासायनिक खुणांवरूनच कळले.

२५/
त्या अभ्यासातील एक निष्कर्ष या धाग्याच्या दृष्टीने विशेष आहे. मुलांचे वय दातांवरून काढले आणि मग हाडांची लांबी मोजली, तेव्हा हाडे वयाच्या मानाने आखूड निघाली. वाढ खुंटली होती. मुडदूस, श्वसनाचे रोग आणि एनॅमलवरील खाचा यांच्या खुणाही आढळल्या. म्हणजे १८३७ मध्ये साँडर्स जे सांगत होते, त्याला त्या काळच्या मुलांच्या अवशेषांनीच दुजोरा दिला : उपासमार आणि श्रम उंचीला जेवढे मागे खेचतात, तेवढे दातांना खेचत नाहीत. पट्टीने मोजलेले वय आणि दातांनी सांगितलेले वय यांच्यातील अंतर म्हणजे त्या मुलांच्या भुकेचे मोजमाप आहे.

२६/
त्यांची नावे आणि जगण्याच्या हकिगती सामान्य इतिहासग्रंथांत सापडत नाहीत. निरीक्षकांचे अहवाल, संसदेतील भाषणे, मालकांचे हिशोब आणि वैद्यांची प्रमाणपत्रे उपलब्ध आहेत. ती सारी मोठ्यांनी लिहिलेली. त्यांतल्या अनेकांना वय वाढवून लिहिण्याचे कारण होते. दाताला असा कोणताही हितसंबंध नव्हता. म्हणून लिखित साधनांच्या जोडीला असा भौतिक पुरावा वाचता येणे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला आवश्यक ठरते. अर्थात दातही आपोआप बोलत नाही. सरासरी म्हणजे काय आणि एखादी व्यक्ती तिच्यापासून किती दूर असू शकते, याचे भान ठेवूनच तो वाचावा लागतो.

२७/
हा प्रश्न अजूनही संपलेला नाही. भारताच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातील कलम ९४ नुसार वयाबद्दल शंका असेल तर आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला पाहायचा. दोन्ही नसतील, तेव्हाच वैद्यकीय चाचणी करायची. क्ष-किरणांवरून काढलेल्या वयात दोन वर्षे इकडे-तिकडे होऊ शकतात, हे न्यायालयांनी मान्य केले आहे. आणि कायद्याची रेषा आहे अठरा वर्षांवर. त्या वयात तोंडात उरलेला एकमेव साक्षीदार म्हणजे अक्कलदाढ. ती कुणाला सतराव्या वर्षी येते, कुणाला पंचविशीत, तर कुणाला येतच नाही.

२८/
थोडक्यात, १८३३ च्या कायद्याने बालपणाला वयाचा आकडा दिला आणि तो आकडा सिद्ध करण्याचे ओझे मुलाच्या शरीरावर टाकले. त्यावर कागदाचा शोध लागला, पण कागद सर्वांपर्यंत एकाच वेळी पोहोचला नाही. भारतात जन्ममृत्यूची नोंद देशभर सक्तीची करणारा कायदा १९६९ मध्ये झाला. ज्याच्याकडे जन्मदाखला असतो, त्याला तोंड उघडून वय सिद्ध करावे लागत नाही. घरच्या कपाटातल्या त्या साध्या कागदाचे मोल किती, हे ज्यांच्यापाशी तो नव्हता, त्या मुलांच्या दातांवरून कळते.

#धागा_समाप्त